बारा नंबरचं कार्ड

६ जानेवारी

आजपासून मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर आहे. हे वाक्य लिहून दोन मिनिटं त्याच्याकडे नुसता पाहत बसलो. खोटं नाही, पण खरंही वाटत नाही.

क्रीडाशिक्षक स्वतःच्या घराच्या जिन्यावरून घसरले आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. प्राचार्य मॅडमनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. बाकी सगळ्यांनी वेळेवर माना खाली घातल्या. मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं ते नेमकं त्याच क्षणी. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याचा फुटबॉलशी संबंध काय, असं मी विचारून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काटेकोर आहात, सर. त्या पोरांकडे नेमकं तेच नाही."

मग अट सांगितली. गेल्या वर्षी आपण सहापैकी सहा सामने हरलो. यंदा निदान एक जिंकायचा. नाही जिंकलो तर पुढच्या वर्षीपासून संघ बंद. "आपण सर्कस नाही, सर. दर वर्षी लोकांना फुकट हसवायला कशाला जायचं?"

घरी सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, ऑफसाईड म्हणजे काय, सांग बरं." मी दुपारीच नियमपुस्तिका वाचली होती, त्यामुळे घडाघडा सांगितलं. ती म्हणाली, "पाठ केलंयस. कळलंय का?"

कळलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

९ जानेवारी

संघ पाहिला. चौदा जण. खरी नावं कोणीच वापरत नाही. गोलकीपर उंच आणि हलत नाही, म्हणून खांब. मधल्या फळीत बचावाला उभा राहतो तो बुलडोझर. समोरून आलेला माणूस आणि चेंडू यांत तो फारसा फरक करत नाही. बेंचवर कायम बसलेला चष्मा. बारा नंबरचा शर्ट त्याचा, पण तो अजून एकदाही मैदानात उतरलेला नाही. कप्तानाला कप्तानच म्हणतात. माझंही काहीतरी नाव पडलेलं आहे. ते मला सांगत नाहीत.

माझं मुख्य काम कार्डांचं. तीन पिवळी कार्डं झाली की त्या खेळाडूने पुढचा सामना बाहेर बसायचं. आमच्या स्पर्धेत जुनी पद्धत अशी, की प्रत्येक संघ आपली कार्डं आपणच मोजतो. सामन्याआधी मॅनेजरने लिहून द्यायचं, की बंदी असलेला कोणी खेळत नाही. कोणी तपासत नाही.

क्रीडाशिक्षकांना फोन करून विचारलं, हे खरंच असंच चालतं का. ते म्हणाले, "सगळं विश्वासावर आहे हो." आणि हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही. मी एक नवी वही आणून रकाने आखले.

१६ जानेवारी

पहिला सामना. ०–४. चौथा गोल आमच्याच बुलडोझरने आमच्याच जाळ्यात मारला. मारला मात्र फार सुंदर. शिवाय त्याला पिवळं कार्ड. वहीत नोंद केली.

२३ जानेवारी

१–३. आमचा पहिला गोल! मी जागेवरून उठून ओरडलो आणि मग शरमून खाली बसलो, कारण शेजारी दुसऱ्या संघाचे मॅनेजर होते. बुलडोझरला दुसरं कार्ड. त्याला समजावलं, की आता सांभाळ, आणखी एक झालं तर पुढच्या सामन्याला बाहेर. "सर, मी कुणाला काही करत नाही. तेच येऊन माझ्यावर आपटतात."

३० जानेवारी

०–२. लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी बायको म्हणाली, "हल्ली तू जेवताना चमचे मांडून बसतोस." खरं आहे. बचावाची फळी मांडून पाहत होतो. मिठाची बाटली म्हणजे खांब.

६ फेब्रुवारी

०–१. हरलो, पण एकानेच. दगडापेक्षा वीट मऊ.

सामन्यात गंमत झाली. उत्तरार्धात बुलडोझरचा शर्ट कुणीतरी ओढून खांद्यापासून कमरेपर्यंत फाडला. जादा शर्ट मी आणायला हवे होते. ते कपाटात राहिले (माझी चूक, यादीत टिपली आहे). शेवटी चष्म्याने आपला शर्ट काढून त्याला दिला आणि स्वतः टॉवेल गुंडाळून एखाद्या संन्याशासारखा बेंचवर बसून राहिला. पंचांना विचारलं होतं, त्यांनी मान डोलावली.

मी मात्र बराच वेळ मैदानामागच्या नाल्याशी होतो. चेंडू आत गेला होता आणि आमच्याकडे दोनच चेंडू आहेत. परत येईपर्यंत आपल्याला एक पिवळं कार्ड मिळून गेलं होतं. शेवटी पंचांच्या चिठ्ठीवरून वहीत उतरवून घेतलं: क्रमांक १२, पिवळे. चिठ्ठी जपून वहीला डकवली. असे कागद नंतर कामाला येतात.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर बसून एक तक्ता केला. चार सामन्यांत खाल्लेल्या दहा गोलांपैकी सात आपल्या डाव्या बाजूने, आणि त्यांतले पाच शेवटच्या वीस मिनिटांत. तक्ता कपडे बदलायच्या खोलीत चिकटवला. पोरं त्याच्यापुढे शांतपणे उभी राहिली. खांबाने विचारलं, "सर, यात मी कुठे आहे?" मी म्हणालो, तू सगळीकडे आहेस. तो खूश झाला.

१३ फेब्रुवारी

जिंकलो.

पुन्हा लिहितो. आम्ही जिंकलो. १–० असे. सदतिसाव्या मिनिटाला कॉर्नर, आणि बुलडोझरने डोक्याने मारलेला गोल. संघ वाचला.

आता क्रमाने. सकाळी मी अकरा नावं वाचून दाखवली. बुलडोझरचं नाव आलं तशी सगळ्यांनी माना वर केल्या. कुणीतरी हलकी शीळ घातली. कप्तान म्हणाला, "सर, नक्की?"

"नक्की. मी वही दोनदा तपासली आहे."

"वही तपासलीये," कप्तान बाकीच्यांना म्हणाला. सगळे माझ्याकडे पाहत होते, अगदी वेगळ्याच नजरेने. बुलडोझर उठून आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. "सर, आज जीव टाकतो बघा." मी म्हणालो, जीव नको, डावी बाजू सांभाळ.

आणि काय खेळली पोरं! एकमेकांसाठी धावत होती. खांब चक्क हलला. शेवटची वीस मिनिटं तर मी घड्याळ आणि तक्ता यांच्याकडेच पाहत होतो. डावीकडून एकही चेंडू आत आला नाही.

शिट्टी झाल्यावर त्यांनी मला उचललं. मी त्र्याऐंशी किलोचा आहे. आधी सांगायला हवं होतं. कप्तान कानाशी येऊन म्हणाला, "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी म्हणालो, "आकडे कधी खोटं बोलत नाहीत."

यावर ती सगळी इतकी हसली, की दोघं जमिनीवर बसली. तक्त्याचा एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

वातावरण बदललं आहे. सरावाला गेलो की कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवतं. बुलडोझर वर्गात पहिल्या बाकावर बसतो, प्रमाण विचलन कळत नाही तरी मान हलवतो. आज खांब म्हणाला, "सर, आमच्यासाठी आजवर कोणी असं काही केलं नव्हतं." तक्ता काही फार अवघड नव्हता, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने डोळा मारला. विद्यार्थ्याने शिक्षकाला डोळा मारणं बरं नाही, पण रागावायचं राहून गेलं.

कबूल करतो, मला हे आवडतं आहे. बावीस वर्षं शिकवतो आहे, पण कोणी खुर्ची आणून ठेवली नव्हती. घरी दोनदा गुणगुणलो. लेकीने दोन्ही वेळा वर पाहिलं.

१९ फेब्रुवारी

काय लिहू.

दुपारी चष्मा आला. त्याला स्पर्धेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. "किती सामने खेळलो तिथे शून्यच लिहा सर, खोटं नको." मी म्हणालो, शून्य कसं? चौथ्या सामन्यात तू उतरलेला दिसतोस. कार्ड आहे तुझ्या नावावर. ही बघ चिठ्ठी.

तो चिठ्ठीकडे पाहत राहिला. "सर, मी तर टॉवेल गुंडाळून बसलो होतो."

"मग बारा नंबर..."

मी वाक्य तिथेच सोडलं. बारा नंबरच्या शर्टात बुलडोझर होता. ते त्याचं कार्ड होतं. तिसरं. पाचव्या सामन्यात, जिंकलेल्या सामन्यात, त्याने बाहेर बसायला हवं होतं.

चष्म्याचा चेहरा हळूहळू पडला. "सर, तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. आम्हाला वाटलं, तुम्ही आमच्यासाठी मुद्दाम..." मग तो चष्मा पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

मग ती शीळ, तो हात, ते हसणं, ती खुर्ची! माझा तक्ता कोणी मनावरही घेतला नसेल. घरी येऊन ही रोजनिशी मागे चाळली. सहा फेब्रुवारीला सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. फाटलेला शर्ट वरच्या परिच्छेदात, कार्ड खालच्या. मधे दोन बोटांचं अंतर. संख्याशास्त्राचा माणूस म्हणवतो स्वतःला.

२० फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते. चुकीची चिठ्ठी म्हणजे काय हे तिला माहीत आहे. तिने विचारलं, "बाहेर कोणाला कळलंय?"

"नाही."

"म्हणजे फक्त पोरांना आणि तुला."

"हो."

"तुला कळलंय म्हणजे झालंच," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

क्रीडाशिक्षकांकडे गेलो. प्लास्टरवर कुणीतरी फुलपाखरू काढलं आहे. ते म्हणाले, "अहो, मिटवा की. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, समोरच्यांनी हरकत घेतली नाही. तुम्ही स्पर्धेच्या कार्यालयाला पत्र दिलंत की सामना त्यांना, आणि आपली झोळी रिकामी. एका कागदापायी चौदा पोरांचं मैदान घालवणार? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्यांचं चूक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. समोरच्या संघाला एक हार कमी-जास्त झाल्याने काही फरक पडत नाही. ते वरच्या चारांत आहेतच. आमचं मात्र सगळंच जाईल. मग मी हे कोणासाठी करणार? खरेपणासाठी, की आपण खरे आहोत हे आरशात पाहण्यासाठी? दुसरं असेल तर ती चैन आहे, आणि तिचा भुर्दंड पोरांनी सोसायचा.

आणि याच्याही खाली आणखी एक गोष्ट आहे. पत्र दिलं की खुर्ची जाईल. मला ती हवी आहे. हे लिहायला अर्धा तास लागला.

२१ फेब्रुवारी

आधी पोरांना सांगायचं ठरवलं. सराव संपल्यावर सगळ्यांना गवतावर बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं: मला माहीत नव्हतं, मोजण्यात माझी चूक झाली, उद्या मी पत्र देणार.

मग बुलडोझर म्हणाला, "म्हणजे सर, त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी काही केलंच नव्हतं?"

"नाही."

"मग आपण उगाचच जिंकलो."

मला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही लपवलं. कप्तान भडकला होता. "सर, तुमची चूक आणि हरायचं आम्ही? आम्हाला सांगताय कशाला मग? द्यायचं तर द्या पत्र."

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

खांब म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बसवलं असतं."

"बसवलंच असतं."

"म्हणून तर."

घरी जाताना कोणी "येतो सर" म्हणालं नाही. खुर्ची मीच उचलून आत ठेवली.

२२ फेब्रुवारी

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात "अनवधानाने झालेली किरकोळ चूक" होतं. दुसऱ्यात किरकोळ काढलं. तिसऱ्यात अनवधानाने काढलं. पोरांना माहीत होतं हे लिहायचं का? यावर सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी लिहिलं, की नोंद ठेवणं आणि ती खरी आहे असं लिहून देणं ही माझी जबाबदारी होती. हे खरं आहे. पूर्ण खरं नाही. पण त्यांचा वाटा मी त्यांना न विचारता कसा लिहू?

स्पर्धेच्या कार्यालयातल्या कारकुनाने पत्र वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. "असं पत्र यायची ही पहिलीच वेळ," तो म्हणाला. "कुठल्या फाईलला लावायचं तेच कळेना."

२५ फेब्रुवारी

निकाल आला. पाचवा सामना समोरच्या संघाला ३–० असा बहाल. शेवटच्या सामन्याला बुलडोझर बाहेर. तो सामना पहिल्या क्रमांकाच्या संघाशी आहे. दुष्काळात तेरावा महिना.

मॅडमनी बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सर, मीच तुम्हाला काटेकोर म्हणून पाठवलं होतं," एवढंच म्हणाल्या. अट तशीच आहे. शनिवारी जिंकलो तर संघ राहील.

२७ फेब्रुवारी

सामना दहाला होता. साडेनऊपर्यंत मैदानावर मी, दोन चेंडू आणि शर्टांची पिशवी. या वेळी जादा शर्ट आठवणीने घेतले होते. सात जण तरी हवेत, नाहीतर सामना न खेळताच हरलो असतो. मी मनात आकडे मांडत होतो: दर पाच मिनिटांनी एक आला तरी सात होत नाहीत.

पावणेदहाला सगळे एकदम आले. एकाच टेम्पोच्या मागे बसून. चौदाच्या चौदा. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण नावांच्या यादीसाठी हात पुढे केला. बुलडोझर साध्या कपड्यांत येऊन बेंचवर माझ्या शेजारी बसला. दोघांत एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

त्याच्या जागी चष्मा उतरला. त्याला घामाने काही दिसत नव्हतं, म्हणून तो आवाजाच्या दिशेने धावत होता आणि आश्चर्य म्हणजे बऱ्याचदा बरोबर पोचत होता. बुलडोझर इथून ओरडून त्याला चालवत होता: "डावीकडे रे! अरे तुझ्या डावीकडे, माझ्या नाही!" आधी त्यांचा गोल, मग आमचा, कप्तानाचा, पंचवीस पावलांवरून. अर्ध्या वेळेला १–१. बुलडोझर सरकत सरकत कधी माझ्याजवळ आला ते कळलं नाही. मी त्याचं मनगट धरलं होतं, तेही नंतर कळलं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी दुसरा घातला. आमच्या डाव्या बाजूने.

त्यानंतर आमची पोरं सहा मिनिटं ज्या तऱ्हेने खेळली ते मला लिहिता येत नाही. एक चेंडू खांबाला लागला. म्हणजे गोलच्या खांबाला. आमचा खांब तेव्हा त्यांच्या गोलसमोर हेडर मारायला गेला होता, स्वतःची जागा मोकळी टाकून. मग शिट्टी.

सहापैकी सहा हरलो.

पोरं गवतावर आडवी झाली. मी संत्री सोलून सगळ्यांना देत फिरलो. कप्तानाने फोड घेतली. म्हणाला, "पत्रात आमचं नाव का नाही घातलं?"

"तुम्हाला विचारलं नव्हतं."

त्याने फोड चघळून संपवली. "विचारायचं होतं," तो म्हणाला.

५ मार्च

सूचनाफलकावर नोटीस लागली. पुढच्या वर्षी फुटबॉल संघ नाही. दोन ओळींची नोटीस आहे. लोक तिच्यासमोर थांबतही नाहीत.

मी पुन्हा तसंच केलं असतं का? हो. मला बरं वाटतंय का? नाही. या दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध असायला हवा, असं आजवर वाटत होतं.

१४ मार्च

आज स्टाफरूममध्ये कप्तान, बुलडोझर, खांब आणि चष्मा आले. शिपाई म्हणाला, एकेक जण जा. ते चौघं एकदम आत शिरले. कप्तानाने टेबलावर एक फॉर्म ठेवला. शहरातली खुली स्पर्धा, सर्वांत खालचा गट. कॉलेज लागत नाही. कोणीही चौदा जण, आणि मॅनेजर म्हणून एक सज्ञान व्यक्ती.

"बुलडोझर म्हणाला तुम्हाला विचारू," कप्तान म्हणाला. "मी म्हणालो होतो क्रीडाशिक्षकांना विचारू."

मी बुलडोझरला विचारलं, "मला का?"

तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "तुम्ही चुकलात की तुम्हीच सांगता. बाकीच्यांचं आम्हाला शोधत बसावं लागतं."

"आणि कार्डं चष्मा मोजणार," खांब घाईघाईने म्हणाला. "तेवढं ठरलंय."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. खुली स्पर्धा म्हणजे रविवार जाणार, घरी विचारायला हवं, शिवाय मला अजून ऑफसाईड नीट कळलेलं नाही. ते चौघं उभेच राहिले. मग मी पेन काढलं.

बाकी सगळा फॉर्म भरलेला होता. एकच रकाना मोकळा: मागील हंगामात जिंकलेले सामने.

"हे का सोडलं?"

"ते तुम्ही लिहा, सर," कप्तान म्हणाला.

मी शून्य लिहिलं. चौघांनी वाकून पाहिलं. मग बुलडोझर म्हणाला, "आता सही."